नळदुर्गचे मालक

तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग किल्ल्यात पावसाळ्यात बोरी नदी बंधाऱ्यावरून कोसळू लागली की पाहणाऱ्यांची रीघ लागते. बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. बाहेर प्रपात, आत कोरडी दालने. इ.स. १६१३ च्या सुमारास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने तो बांधला, असे सांगितले जाते. वास्तविक बादशहाने तो बांधविला. बांधला तो पाथरवटांनी व गवंड्यांनी.

किल्ला बहामनींकडून आदिलशाहीकडे, तेथून मोगलांकडे व पुढे निजामाकडे गेला. निशाण बदलले, सारा भरणारा कुणबी तोच राहिला. या मालकीचे खरे स्वरूप १८५३ साली उघडे पडले. ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही इंग्रजांच्या हुकमतीतील फौज. तिचा खर्च मात्र निजामाच्या माथी. थकबाकी ५० लाखांच्या घरात गेली, तेव्हा वऱ्हाड व रायचूर दुआबासह नळदुर्गचा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली झाला. सावकाराच्या दारी बैलजोडी बांधावी तशी माणसे बांधली गेली! कारभारास आलेल्या मेडोज टेलरचे कौतुक अजून होते. या व्यवहाराची आठवण फारशी कोणी काढत नाही. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांशी इमानी राहिला. त्याचे बक्षीस म्हणून १८६० साली कर्ज माफ झाले, नळदुर्ग व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड इंग्रजांनी ठेवून घेतले. रयतेला ना गहाण टाकताना विचारले, ना सोडविताना.

अशा मालकीचा निकाल अन्यत्र निराळ्या रीतीने लागला. १७८९ साली फ्रान्सच्या शेतकऱ्यांनी सरदारांच्या गढ्यांत शिरून देण्याघेण्याचे दस्तऐवज जाळले. १७९३ साली तेथील सरंजामी हक्क एका पैचीही भरपाई न देता रद्द झाले. हैदराबादेत सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज नळदुर्गवरूनच पुढे सरकली, आणि १९४९ साली जहागिऱ्या संपल्या. पण जहागीरदारांस भरपाई मिळाली, निजामास वर्षाला ५० लाखांचा तनखा ठरला. ज्या रकमेपायी मुलूख गहाण पडला होता, जवळजवळ तितकीच रक्कम दरसाल! संस्थानिकांचे तनखे बंद व्हावयास १९७१ साल उजाडले.

कुळांचे काय झाले? १९५० चा कूळ कायदा आला खरा. परंतु ‘राजीखुशीने जमीन सोडली’ असे लिहून घेऊन संस्थानभर असंख्य कुळे हुसकली गेली. मराठवाड्यातील १९५४-५५ च्या खासरा पाहणीत कसणाऱ्यांच्या नोंदी आहेत. कोणत्या गावी कोण कसत होता आणि पुढच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आले, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचता येते.