'शाळा' : वाचलेली आणि पाहिलेली

मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ साली आली. सुजय डहाके यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला २०११ सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट चांगलाच आहे. तरीही माझी एक तक्रार आहे. कादंबरीतले हसू पडद्यावर पुरते पोचत नाही.

कारण सरळ आहे. कादंबरी नववीतला जोशी स्वतः सांगतो. त्याच्या लेखी आई म्हणजे 'आईसाहेब' आणि बहीण 'अंबाबाई'. विनोद प्रसंगात कमी, त्याच्या सांगण्यात जास्त आहे. कॅमेरा त्याला बाहेरून पाहतो. मग आणीबाणीच्या काळातली ती टवाळ पोरे नुसती गोड दिसतात आणि शिरोडकरचे प्रकरण निव्वळ प्रेमकथा होऊन बसते.

"मग चित्रपट काढूच नये काय?" असे कोणी विचारील. माझ्या आईला वाचता येत नाही. चित्रपट नसता तर जोशी तिला भेटलाच नसता. तो पाहून ती एवढेच म्हणाली, "लेकराचं लई वाईट झालं की रं." पुढे मी तिला कादंबरी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा मात्र भाकरी थापायची थांबून ती हसली.

म्हणून मित्रहो, चित्रपट अवश्य पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात पहिली कादंबरी आपणच नेली आहे. ती एकट्याने वाचून ग्रंथालयात परत करू नका. आधी घरी मोठ्याने वाचा.