दादा-ताई होताय? मग निरोपाचीही तयारी ठेवा

तपासण्या नॉर्मल आहेत, तरी पोट दुखतं, डोकं दुखतं. अशी बारा-पंधरा वर्षांची मुलं आम्हा मुर्धा-राईकडच्या डॉक्टरांना नवीन नाहीत. आई बोलत असते, मूल गप्प. आधी शारीरिक कारण शोधायचंच. ते सापडलं नाही, तर अशा मुलाला गोळ्यांपेक्षा घराबाहेरचं एखादं भरवशाचं मोठं माणूस जास्त उपयोगी पडतं, असं माझं मत आहे. मंडळातला दादा, कबड्डी शिकवणारे सर, शेजारची कॉलेजात जाणारी ताई. मुंबईत १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅजिक बस’चं कामही याच धर्तीवर चालतं: वस्तीतलेच तरुण मुलांचे खेळ घेतात आणि खेळता खेळता शाळा, आरोग्य यांवर बोलतात.

तुम्हालाही असं काही करायचं असेल, तर आधी कॅलेंडर बघा. अमेरिकेतल्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ उपक्रमातल्या मुलांवरचा ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं नातं वर्षभर किंवा जास्त टिकलं, त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. ज्यांचं तीन महिन्यांच्या आतच तुटलं, त्यांचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी झाला. म्हणजे हौसेनं सुरू करून मध्येच सोडणं हे निरुपद्रवी नाही. वडील आधीच दूर गेलेल्या मुलाला तर ‘माझंच काहीतरी चुकलं’ असंच वाटतं. वर्षभर जमणार नसेल, तर सुट्टीत चित्रकला शिकवा, क्रिकेट खेळा. पण ‘मी तुझा दादा’ म्हणू नका.

सुरुवातीलाच आईवडिलांना भेटा. वार आणि वेळ ठरवा. भेट चारचौघांत, मैदानात किंवा वाचनालयात. बंद खोलीत नको. ‘घरी सांगू नकोस’ असं कुणीही मोठं माणूस मुलाला म्हणालं, तर पालकांनी ते नातं तिथेच थांबवावं. याबाबत भीडभाड नको.

आता शेवट. नोकरी लागते, लग्न ठरतं, भाड्याची खोली बदलते; हे होणारच. निदान महिनाभर आधी मुलाला स्वतः सांगा, फोनवर नाही, समोर बसून. खरं कारण सांगा. ‘मी येत राहीन’ हे जमणार असेल तरच म्हणा. आपल्याला निरोप घेणं अवघड जातं म्हणून आपण न सांगता गायब होतो. ती सोय आपली असते, मुलाची नाही. शक्य झालं तर पुढच्या माणसाची ओळख तुम्हीच करून द्या.

पालकांनो, दादा गेल्यावर मूल काही दिवस चिडचिड करेल, ते स्वाभाविक आहे. झोप, जेवण किंवा शाळा दोन आठवड्यांहून जास्त बिघडली, तर डॉक्टरांना दाखवा. ‘जगावंसं वाटत नाही’ असं म्हणालं, तर एक दिवसही थांबू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात आणा. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन रात्रीही सुरू असते.