पोळी कुणाची, टाळी कुणाची?

वर्तमानपत्र उघडले की आठवड्यातून दोन-चार वेळा तरी एक वाक्य हमखास वाचायला मिळते : 'एका नामांकित संस्थेच्या अहवालानुसार...' पुढे बहुधा गंभीर मजकूर असतो. अमुक देशाला शस्त्रे विकावीत, तमुक देशाशी करार करावा, कामगार कायदे सैल करावेत, धान्यावरचे अनुदान कमी करावे. टीव्हीवर त्या संस्थेचे तज्ज्ञ कोट-टाय घालून बसलेले दिसतात. आपण साधी माणसे. एवढा शिकला-सवरलेला माणूस बोलतोय म्हणजे खरेच असणार, असे म्हणून आपण पान उलटतो. ही संस्था कुणाची आणि हिच्या माणसांचा पगार कोण देतो, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही.

या वेळी आम्ही त्याच प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधणार आहोत. प्रश्न नवा नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी तो केव्हाच सांगून ठेवला आहे : ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी.

अहवालांचे कारखाने

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तेथे अशा संस्थांची अक्षरशः रांग आहे. त्यांना 'थिंक टँक' म्हणतात. सरकारने काय करावे याचा अभ्यास करायचा, अहवाल लिहायचे, परिसंवाद भरवायचे, खासदारांना आणि अधिकाऱ्यांना सल्ला द्यायचा, हे त्यांचे काम. ब्रुकिंग्ज ही त्यांतली एक जुनी आणि मोठी संस्था. तिची मुळे १९१६ सालात आहेत. या संस्थांतले लोक निवडणुकीनंतर सरकारात मोठ्या हुद्द्यांवर जातात आणि सरकार बदलले की पुन्हा संस्थेत येऊन बसतात. त्यामुळे त्यांच्या कागदाला वजन असते. खासदाराला शंभर विषय वाचायला वेळ नसतो. तो अहवालाची दोन पाने चाळतो आणि सभागृहात बोलायला उभा राहतो.

आता असा विचार करा. तुम्ही एका परक्या देशाचे राज्यकर्ते आहात. अमेरिकेचे धोरण आपल्याला अनुकूल व्हावे असे तुम्हाला वाटते. उघड वकिली करायला माणसे नेमली तर तेथील कायद्याप्रमाणे त्यांची नोंद करावी लागते. हा कायदा १९३८ सालचा. हिटलरच्या जर्मनीचा छुपा प्रचार अमेरिकेत चालला होता, तो उघडा पाडण्यासाठी तो झाला. वकिलाने तोंड उघडले की ऐकणारा म्हणतो, हा तर पैसे घेऊन बोलतो. तीच गोष्ट एखाद्या अभ्यास-संस्थेच्या अहवालात आली, तर तिला विद्वत्तेचा शिक्का मिळतो. मग वकिलावर खर्च करण्यापेक्षा संस्थेला देणगी दिलेली काय वाईट?

सप्टेंबर २०१४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकाने हा सारा व्यवहार चव्हाट्यावर आणला. २०११ पासूनच्या चार वर्षांत किमान ६४ परदेशी सरकारे, त्यांच्या ताब्यातल्या संस्था किंवा त्यांचे अधिकारी यांनी अमेरिकेतल्या २८ मोठ्या अभ्यास-संस्थांना पैसे दिले होते. हिशेबात सापडलेली रक्कमच किमान ९ कोटी २० लाख डॉलर होती. संयुक्त अरब अमिरातीने एका संस्थेच्या झगमगीत नव्या इमारतीसाठी गाजावाजा न करता १० लाख डॉलरहून अधिक दिले होते. कतारने २०१३ साली ब्रुकिंग्जला चार वर्षांसाठी १ कोटी ४८ लाख डॉलर देण्याचे कबूल केले होते. त्या वेळच्या भावाने ही रक्कम ऐंशी कोटी रुपयांच्या वर जाते.

कुणी म्हणेल, हे तेलाच्या पैशावर माजलेले राजे, ते असेच वागणार. तर नॉर्वेचे पाहा. नॉर्वे हा लोकशाही देश, जगाला मदत करणारा म्हणून नावाजलेला. त्यानेही चार वर्षांत वॉशिंग्टनच्या संस्थांसाठी किमान २ कोटी ४० लाख डॉलर बाजूला काढले होते. त्यांपैकी एका संस्थेला ५० लाख डॉलर देताना नॉर्वेची अपेक्षा अशी होती की, अमेरिकेने एका परदेशी मदत योजनेवरचा खर्च दुप्पट करावा यासाठी त्या संस्थेने मोठ्या अधिकाऱ्यांचे मन वळवावे. नॉर्वेच्या परराष्ट्र खात्यासाठी तयार झालेल्या एका अंतर्गत अहवालात तर स्पष्टच म्हटले होते की, लहान देशाला वॉशिंग्टनच्या बड्या लोकांपर्यंत पोहोचणे अवघड जाते आणि संस्थांना पैसे देणे हा त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा एक मार्ग आहे. हेतू चांगला असो की वाईट, वाट एकच.

अमिरातीचे आणखी एक उदाहरण त्याहून बोलके आहे. २०१७ साली त्या देशाच्या राजदूताची पत्रे फुटली. त्यांतून कळले की, लष्करी ड्रोन विमानांच्या निर्यातीचे नियम या विषयावर एका अभ्यास-संस्थेकडून टिपण करून घेण्यासाठी अडीच लाख डॉलर मोजले गेले होते. अमिरातीला अमेरिकेकडून असली विमाने हवी होती आणि नियम आडवे येत होते. पुढे जुलै २०२० मध्ये अमेरिकेने ते नियम सैल केले. एका टिपणाने हे घडले असे आम्ही म्हणत नाही. धोरणे शंभर कारणांनी बदलतात. पण ज्याला माल घ्यायचा आहे त्यानेच मालाच्या नियमांवरच्या अभ्यासाचे पैसे द्यावेत, ही गोष्ट कुठल्याही बाजारात खटकेल.

खोटे नव्हे, अर्धे

या संस्थांचे उत्तर ठरलेले आहे. आमचे अभ्यासक स्वतंत्र आहेत, देणगीदार आमच्या अहवालाचा एक शब्दही बदलू शकत नाही. ब्रुकिंग्जनेही २०१४ साली आरोप ठामपणे नाकारले. आम्ही त्या सर्वांना खोटे ठरवत नाही. त्यांतले कित्येक अभ्यासक खरोखर प्रामाणिक असतील. पण मिंधेपणा कसा काम करतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला ठाऊक आहे की त्यासाठी कुणी शब्द बदलावा लागत नाही.

आपल्या वस्तीतल्या मंडळाचेच घ्या. घरोघर वर्गणी जमते, दहा रुपयांचीही पावती फाटते, कार्यक्रम संपला की हिशेबाचा कागद फलकावर लागतो. समजा, एखाद्या वर्षी मंडपाचा आणि लायटिंगचा सारा खर्च एका बिल्डरने उचलला. सहा महिन्यांनी त्याच बिल्डरने मुलांच्या खेळायच्या जागेला कुंपण घातले. मंडळाच्या बैठकीत काय होईल? कुणी कुणाला गप्प बस म्हणणार नाही. तरी विषय निघणार नाही. निघालाच, तर 'पुढच्या बैठकीत बघू' म्हणून चहा मागवला जाईल. तोंडात घास असला की बोलता येत नाही, एवढी ती साधी गोष्ट आहे.

सलीम अली नावाच्या एका अभ्यासकाने नेमके हेच सांगितले. हे आपले पक्षितज्ज्ञ सलीम अली नव्हेत. हे प्राध्यापक कतारमधील ब्रुकिंग्जच्या दोहा केंद्रात काही काळ पाहुणे अभ्यासक होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, नोकरीच्या मुलाखतीतच त्यांना सांगण्यात आले होते की लेखनात कतार सरकारवर टीका करता येणार नाही. त्यांचा मुद्दा असा होता की, या अहवालांवर विसंबणाऱ्या खासदारांना कदाचित खोटी माहिती मिळत नसेल, पण पूर्ण माहितीही मिळत नाही. आमच्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म यात आहे. पैसा बहुतेक वेळा खोटे बोलायला लावत नाही. तो काय बोलायचे नाही, ते ठरवतो.

यात आपले काय?

वाचक विचारतील, वॉशिंग्टनच्या कागदांचे आम्हाला काय? त्यांना आम्ही कतारचेच उदाहरण देऊ. डिसेंबर २०१० मध्ये त्या देशाला फुटबॉलच्या विश्वचषकाचे यजमानपद मिळाले. मैदाने, रस्ते, मेट्रो, हॉटेले बांधायला भारत, नेपाळ, बांगलादेशातून लाखो मजूर तेथे गेले. मुंबईच्या आणि कोकणाच्या घरांना आखाताची वाट जुनीच आहे. घरातला कर्ता मुलगा तिकडे आणि त्याची मनीऑर्डर, पुढे बँकेतले पैसे, यांवर इकडची चूल, हे चित्र आपल्याला अपरिचित नाही. त्या काळी कतारमध्ये 'कफाला' पद्धत होती. मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येत नसे, देश सोडून घरी यायलाही परवानगी लागे. आई वारली तरी मालकाच्या सहीसाठी थांबावे लागे. जगभरातून ओरड झाली, कामगार संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा २०१८ ते २०२० या काळात या अटी टप्प्याटप्प्याने काढण्यात आल्या.

ब्रुकिंग्जला कतारची ती मोठी देणगी मिळाली, ती नेमकी याच वर्षांत. दोहा केंद्राने मजुरांवर किती लिहिले याचा झाडा आम्ही घेत नाही. हे केंद्रही २०२१ साली ब्रुकिंग्जपासून वेगळे झाले. आमचा प्रश्न साधा आहे. यजमानाला दुखवायचे नाही अशा वातावरणात बसलेल्या विद्वानाला, उन्हात सळया वाकवणारा मजूर दिसेल का? आणि दिसला तरी तो अहवालात उतरेल का? ज्याच्या बाजूने अहवाल लिहायला कुणी पैसे देत नाही, अशा माणसाची गोष्ट सर्वांत आधी गळते.

हिशेब फलकावर लावा

२०१४ च्या गौप्यस्फोटानंतर थोडा फरक पडला. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने नियम केला की, समितीपुढे साक्ष देणाऱ्याने त्या विषयाशी संबंधित परदेशी सरकारी पैसा घेतला असेल तर तो जाहीर करावा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सौदी पत्रकार जमाल खशोगी यांची इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत हत्या झाली, तेव्हा ब्रुकिंग्जसह काही संस्थांनी सौदी पैसा थांबवला किंवा परत केला. एका माणसाचा जीव गेल्यावर जाग आली. पण ओघ आटला नाही. २०१४ ते २०१८ या पाच वर्षांत ५० प्रमुख संस्थांना परदेशी सरकारांकडून किमान १७ कोटी ४० लाख डॉलर मिळाल्याचे एका पाहणीत दिसले. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत, त्याआधीच्या पाच वर्षांचा आकडा ११ कोटी डॉलरहून अधिक होता. अमिराती, ब्रिटन आणि कतार हे मोठे देणगीदार. विशेष म्हणजे, एक तृतीयांशाहून अधिक संस्था आपले देणगीदार कोण ते सांगतच नव्हत्या.

परदेशी पैसा विष आणि देशी पैसा अमृत, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. देशी कारखानदाराचा पैसाही माणसाला तितकाच मिंधा करतो. सरकारी अनुदानही करते. आपल्या देशात परदेशी देणग्यांसाठी २०१० चा कायदा आहे आणि परवाना केंद्र सरकारच्या हाती आहे. दिल्लीतील 'सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च' ही १९७३ सालची नावाजलेली संस्था. तिचा परवाना फेब्रुवारी २०२३ मध्ये निलंबित झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाला. सरकारने कायद्याचा भंग झाल्याचे म्हटले, संस्थेने ते नाकारले. अनेक अभ्यासकांना संस्था सोडावी लागली. येथे धोका उलट बाजूचा आहे. नळाची तोटी ज्याच्या हातात, त्याच्यावर टीका करताना इतर संस्थांचीही जीभ अडखळते. परक्याच्या पैशाने गप्प बसा किंवा आपल्याच सरकारच्या भीतीने, गरिबाच्या वाट्याला शांतताच येते.

म्हणून आमचे मागणे बंदीचे नाही, हिशेबाचे आहे. देणगी घ्या, पण अहवालाच्या पहिल्याच पानावर छापा : पैसे कुणी दिले, किती दिले, कोणती अट घातली. आपल्या मंडळाला दहा रुपयांची पावती फाडता येते, तर कोट्यवधी डॉलर घेणाऱ्या संस्थेला का येऊ नये?

आणि आपणही एक सवय लावून घेऊ. घरात वर्तमानपत्र वाचताना 'एका संस्थेच्या अहवालानुसार' हे शब्द आले की थांबायचे आणि तीन प्रश्न विचारायचे. या संस्थेला पैसा कोण देतो? या सल्ल्याने फायदा कुणाचा होणार? आणि या अहवालात कोण बोललेला नाही? तिसरा प्रश्न मुलांना आवर्जून विचारायला शिकवा. शाळा-कॉलेजात निबंध लिहिताना, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना त्यांना असे शेकडो अहवाल वाचावे लागणार आहेत. पाठ तर कुणीही करतो. अहवालात नसलेला मजूर, मोलकरीण, शेतमजूर ज्याला शोधता आला, त्याने तो खरा वाचला.