आधी यशवंतसागर, मग मालवण

उसाचा गळीत हंगाम आटोपला, महाविद्यालयांच्या परीक्षा उरकल्या आणि डाळिंबाच्या बागांना पाणी पुरविण्याची विवंचना वडीलधाऱ्यांच्या गळ्यात टाकून मोकळे होता आले, की बारामती-इंदापूरकडील तरुणांची टोळकी पाठीवर सॅक बांधून कोल्हापूर-गगनबावड्याच्या वाटेने कोकणात उतरू लागतात. मालवणास मुक्काम करावा, तारकर्लीची वाळू तुडवीत देवबागपर्यंत जावे, कर्लीची खाडी होडीने ओलांडून भोगव्याच्या किनाऱ्यास लागावे, तेथून निवती आणि जमल्यास वेंगुर्ले गाठावे, वाटेत कुणाच्या पडवीत माशाचे जेवण घ्यावे आणि रात्री माडाखाली पथारी टाकावी, हा त्यांचा साधारण कार्यक्रम. त्याला नाके मुरडणारे गृहस्थ आमच्या भागात पुष्कळ आहेत. पण पाटाच्या पाण्यावर आणि कारखान्याच्या राजकारणावर पोसलेल्या आमच्या मुलखातील पोराला क्षितिजापर्यंत कुणाच्याही शेताचा बांध न दिसणारे असे काही पाहावेसे वाटले, तर त्यात वावगे काय आहे, हे मला अद्याप कळलेले नाही.

शिवाय ही ओढ या मातीस अगदीच परकी आहे असेही नव्हे. इंदापूरचा परगणा मालोजीराजांशी निगडित, त्यांची गढी आजही गावात दाखवितात. पुणे, सुपे आणि इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीचे, आणि त्यांतील सुपे तर आजच्या बारामती तालुक्यातच आहे. ज्या घराण्याचे बूड भीमा-कऱ्हेच्या या कोरड्या मुलखात होते, त्याच घराण्याच्या पुत्राने २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी करविली आणि देशावरील राज्यास समुद्राकडचे अंग दिले. मात्र हे कार्य करताना शिवाजी महाराजांनी दर्याची विद्या दर्यावर्द्यांकडूनच घेतली. गलबते बांधण्यासाठी पोर्तुगीज कारागीर नोकरीस ठेवले, कोळी, भंडारी आणि गाबीत यांच्या हाती वल्हे व सुकाणू सोपविले, आणि दौलतखान, दर्यासारंग यांच्यासारख्यांकडे आरमाराची सरदारी दिली. घोड्यावरचा मर्द म्हणून मावळ्याला तारवाचा तांडेल केले नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात पावसाळा येण्यापूर्वीच तारवे सुरक्षित बंदरात छावणीस न्यावीत असा दंडकच घालून दिलेला आढळतो. समुद्राशी शौर्याने नव्हे, तर ऋतुमान पाहून वागावे लागते, ही जाणीव त्या राज्यकारभाराच्या हाडीमाशी खिळली होती.

आजच्या आमच्या साहसवीरांजवळ नेमकी हीच जाणीव नाही, आणि माझी तक्रार आहे ती एवढीच. मालवणच्या धक्क्यावर स्कूबासाठी नोंदणी करताना कुणी विचारीत नाही की तुला पोहता येते का. उलट पोहता येत नसले तरी चालेल, अशी ग्वाही अगोदरच मिळते. ती खोटी नसते. नवख्याला उथळ पाण्यातच नेतात, प्रशिक्षकाचा हात त्याच्या पाठीवरील हवेच्या नळकांड्यावरून क्षणभरही हलत नाही, तोंडात रबरी मुखनळी घट्ट धरायची, नाक चिमटीत पकडून हळूच हवा रेटून कानातील दडा मोडायचा, आणि मग प्रवाळांच्या खडकाभोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे फिरताना पाहायचे. काही मिनिटांत चित्रफीत तयार होते आणि वीर वर येतो. पाण्याखाली दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, वर येताना श्वास रोखून धरला तर फुप्फुसातील हवा फुगून ते फाटू शकते, म्हणून श्वास चालू ठेवून सावकाश वर यावे लागते, ही या विद्येची मुळाक्षरे. पण ती त्या चित्रफितीत दिसत नाहीत आणि पाहणाऱ्यास हवीही नसतात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीस स्कूबाचे रीतसर शिक्षण देणारी संस्था काढलेली आहे. तेथे काही दिवस राहून ही विद्या पदरात पाडून घेता येते. परंतु आमच्याकडील किती जण तिची पायरी चढतात, हे ज्याने त्याने आपल्या ओळखीपाळखीत विचारून पाहावे. आपण पाहतो तो प्रवाळांचा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेथे नांगर टाकला किंवा पाय रोवला तर कित्येक वर्षांची वाढ मोडते, हेही बहुतेकांच्या कानी गेलेले नसते.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली. तीत वीस पर्यटक होते; त्यांपैकी दोघांचा अंत झाला. पुढे जवळजवळ दोन वर्षांनी, २१ मे २०२४ रोजी सायंकाळी, करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली आणि सहा जीव गेले, त्यांत लहान मुले होती. एक जण तेवढा पोहत काठाला लागला. पहिली घटना घडली मौजेच्या प्रवासात, दुसरी नित्याच्या. पहिली खाऱ्या पाण्यात, दुसरी गोड्या. परंतु दोन्ही घडल्या मेच्या अखेरच्या पंधरवड्यात, म्हणजे अमात्यांच्या काळी तारवे छावणीस नेण्याचा विचार सुरू होई त्या सुमारास, आणि दोन्ही वेळी पाण्यावर असलेल्यांपैकी फारच थोड्यांना पाणी म्हणजे काय हे ठाऊक होते. कुगावच्या बोटीवर जीवरक्षक जाकिटे नव्हती, यावर तेव्हा रकानेच्या रकाने भरून आले, आणि ते रास्तच होते. मात्र जाकिटाचा हुकूम काढणे सोपे. वळवाचे ढग कुठल्या अंगाने चढतात आणि ते चढू लागले की काठ सोडायचा नाही, हे अंगी मुरविणे अवघड, आणि त्याची तजवीज कोणत्याही दप्तरात नाही.

आता आमच्या दारच्या समुद्राकडे वळतो. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमेचे जे पाणी अडविले, त्याला सरकारदरबारी यशवंतसागर असे नाव असून त्याची एकूण साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. त्यातले निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते, म्हणूनच उन्हाळ्यात उजनी 'उणे' इतके टक्के असल्याची जगावेगळी वार्ता आमच्याकडे नित्य छापून येते आणि कुणालाही तिचे हसू येत नाही. धरण झाले, पळसदेवचे जुने दगडी देऊळ पाण्याखाली गेले, ते पाणी ओसरले म्हणजे उन्हाळ्यात वर येते. पूर्वी नदीच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या गावांमध्ये मैलोगणती पाणी पसरले आणि सोयरिकीला, बाजाराला, दवाखान्याला जाण्यासाठी होडीखेरीज लांबचा वळसाच उरला. ज्या खोऱ्यात एकेकाळी गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून नदी पार करीत, तेथे एका पिढीत यांत्रिक बोटीवर मोटारसायकली चढविणारे नावाडी तयार झाले. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला चिलापी-कटल्याची जाळी टाकणारे मच्छीमार हिवाळ्यात रोहित पक्षी पाहू येणाऱ्यांना होडीतून हिंडवितात. त्यांच्यापैकी एखादा उथळ चिखलात बांबू रोवून, इंजिन बंद ठेवून, पक्ष्यांच्या थव्यापासून नेमक्या अंतरावर होडी उभी करतो, तेव्हा वाऱ्याचा रोख त्याने गालावर ओळखलेला असतो. ही विद्याच आहे. तिला प्रमाणपत्र नाही एवढेच.

असे असता आमच्या तालुक्यांतील मुलांना पाण्याची ओळख होते कुठे? जुन्या पिढीत ती विहिरीत होई. पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचे ओंडके बांधून चुलता पोराला वरून ढकलून देई आणि आठवड्याभरात ते पोर मुटके मारू लागे. आता विहिरी खोल गेल्या, विंधन विहिरीत माणूस उतरत नाही, आणि त्यांच्या जागी आली शेततळी. शेततळ्याच्या उतारावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की पोहता येणाऱ्यासही कडेला आल्यावर वर चढता येत नाही. काठाला खुंटी ठोकून तिला गाठी मारलेला दोर सोडून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय, पण असा दोर असलेले तळे शोधत फिरावे लागते. बागेभोवतीच्या तारेच्या कुंपणावर पैसे खर्च करणाऱ्यांच्या शेततळ्यावर दोर नसावा, याला मी कंजूषपणा म्हणणार नाही. पाण्याकडे केवळ पिकाचे भांडवल म्हणून पाहण्याची ती आमची सवय आहे.

म्हणून माझे म्हणणे असे, की मालवणास अवश्य जावे, पण आधी यशवंतसागराकडे वळावे. भिगवण ते पळसदेव या पट्ट्यात वल्हे आणि शीड शिकविणारी एक शाळा काढावी. जिल्हा परिषद, महाविद्यालये आणि माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखाने यांनी मिळून मनावर घेतले तर ती काढणे हे एखादी पंचतारांकित अतिथिशाळा बांधण्याइतके दुर्घट नाही. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे काही पाण्याचे गाव नव्हे. तेथला दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर पुण्यात वल्हे धरावयास शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, असे करणारे ते पहिले भारतीय. पण शीड उभारण्यापूर्वी गोव्यात ती नौका बांधली जात असताना ते तिच्या कामात गुंतलेले होते, हा तपशील मला त्या प्रदक्षिणेइतकाच मोलाचा वाटतो. लाकूड, दोर आणि वारा यांची ओळख झाल्यावर मग समुद्र.

या सूचनेवर आक्षेप येतील आणि ते पोकळ नाहीत. पुणे-पिंपरीचे सांडपाणी वाहून आणणाऱ्या या जलाशयात मुलांना उतरवायचे कसे, हा पहिला. त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही, मात्र शंभर मुलांचे पालक काठावर उभे राहू लागले तर शुद्धीकरणाच्या रेंगाळलेल्या योजनांना बहुधा पाय फुटतील. पक्ष्यांना उपद्रव होईल, हा दुसरा; तो इंजिनाने होतो, शिडाने नव्हे, शिवाय रोहित पक्ष्यांचा मोसम सोडून पावसाळ्यानंतरच्या भरल्या पाण्यात शाळा चालविता येते. वळवाच्या महिन्यांत ती बंदच ठेवावी, जशी सिंधुदुर्गातील जलक्रीडा पावसाळ्यात बंद असते.

राहिला शिक्षकांचा प्रश्न. त्यासाठी गोव्याहून किंवा परदेशातून कुणास आणण्यापूर्वी आमच्याच नावाड्यांकडे पाहावे. शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झाला आहे. तो व्हावाच, कारण माणसांनी रोजच्या कामासाठी जीव मुठीत धरून पाणी ओलांडावे हे कोणत्याही राज्यास शोभत नाही. पण तो झाला की उताऱ्यावर पोट असलेल्या नावाड्यांचा धंदा बसेल, आणि त्यांना मोबदल्याचा अर्ज घेऊन मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लावण्याऐवजी, मुलांना वारा ओळखायला शिकविण्याच्या कामी पगारी नेमणूक दिली, तर पुलाच्या अंदाजपत्रकात तो खर्च कुणाच्या डोळ्यांवरही येणार नाही.