नॉटपेड पत्रे

नॉटपेड पत्र पाहिलेली पिढी आता थोडीच उरली आहे. धाडणाराने तिकीट लावायचे नाही, आणि पोस्टमनने दारात उभे राहून आपल्याकडून दुप्पट हशील वसूल करायचे. आत मजकूर काय, तर बहुधा पैशांचीच मागणी!

ई-मेलवर रोज येणारी आगंतुक पत्रे, ज्यांना स्पॅम म्हणतात, मला याच जातीची वाटतात. धाडणाराला खर्च जवळजवळ नाही. हशील आपण भरायचे, वेळेच्या रूपाने. १९७८ साली अमेरिकेतल्या एका संगणक-विक्रेत्याने अशी पहिली जाहिरात सुमारे चारशे जणांना धाडली, तेव्हापासून हे चालले आहे. विलायतेतही १८४० पूर्वी टपालखर्च बहुधा घेणाराच देई. रोलंड हिल यांच्या योजनेने पेनीचे तिकीट आले आणि तो धाडणारावर गेला. मग ई-मेललाच तिकीट का नसावे? २००४ साली दाव्होसला बिल गेट्स यांनी साधारण हेच सुचवले होते. अनोळखी माणसाने पत्रामागे काही रक्कम पणाला लावावी. पत्र नकोसे वाटले तर ती बुडावी. दोन वर्षांत हा उपद्रव संपेल, असेही ते म्हणाले. त्यांच्या पदरी पैसा आहे, भविष्य नाही.

आपल्याकडे तिकिटाचा प्रयोग झाला तो मोबाइलच्या संदेशांवर. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२ साली ठरवले, की एका सिमकार्डावरून दिवसाला १०० संदेशांपलीकडे प्रत्येकी निदान ५० पैसे घ्यावेत. जून २०२० मध्ये हे बंधन उठले. त्या काळी दिवाळीसारख्या सणाला सवलतीचे पॅकही चालत नसे. शुभेच्छा पुऱ्या दराने! घरोघर याद्या होत, आणि "मावशीला फोनच करू" असे ठरे. मावशीचे त्यात नुकसान नव्हते.

पण नांदेड-लातूरकडे दहावीचा निकाल लागला, की शिकवणीवर्गांच्या संदेशांचा पाऊस पडतो. 'लातूर पॅटर्न'ची कीर्ती मोठी, तशी फीही मोठी. समजा, दहा हजार पालकांना ५० पैशांप्रमाणे संदेश गेले. खर्च पाच हजार रुपये. एक प्रवेश मिळाला की वसूल! सरसकट ५० पैशांनी मावशीचा भाचा थांबतो, वर्गचालक थांबत नाही.

आणि तिकीट नसल्याचा भुर्दंड भलत्यालाच बसतो. यंत्र अंदाजाने पत्रे निवडते. कंधार तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने भावाच्या मोबाइलवर नवे खाते उघडून मला शिष्यवृत्तीच्या शिफारशीसाठी लिहिले. यंत्राने ते कचऱ्यात टाकले. सोफासेटची जाहिरात मात्र अगदी वर! तिचे पत्र हाती आले तेव्हा मुदतीचे दोन दिवस उरले होते. शिफारस गेली, पण तिच्या वडिलांना एका कागदासाठी दोनदा तहसिलीत खेटे घालावे लागले.

म्हणून मला तिकिटापेक्षा अनामत बरी वाटते, ग्रंथालयात ठेवतो तशी. दिवसाची पहिली काही पत्रे फुकट. २०१२ च्या नियमातला हा भाग शहाणपणाचा होता. पुढे मात्र संख्येबरोबर अनामत चढत जावी, आणि बुडाली तर ती कंपनीच्या नव्हे, ज्याचा वेळ गेला त्याच्या खात्यात पडावी. दहा हजार दारे ठोठावणाराने मग हिशेब करून पाहावा. कंधारच्या मुलीला लिहायचे असते एकच पत्र. तिला छदामही पडणार नाही.