रिकाम्या कबरीनंतरचे काम

ब्रिटनमधले पहिले चॉकलेटचे ईस्टर अंडे १८७३ मध्ये ब्रिस्टल शहरात तयार झाले. जे. एस. फ्राय अँड सन्स या तिथल्या नामांकित कंपनीने ते बाजारात आणले. आज मार्च-एप्रिल आला की सगळ्या ब्रिटनमध्ये दुकानांत अशा अंड्यांच्या राशी लागतात, स्कॉटलंड सोडल्यास गुड फ्रायडेपासून ईस्टरच्या सोमवारपर्यंत सलग सुट्टी मिळते आणि तिथे स्थिरावलेल्या मराठी घरांतली मुलेही या सणात आनंदाने सामील होतात. ईस्टर म्हणजे काय, असे त्यांनी घरी विचारले तर बहुधा उत्तर मिळेल, की येशूला वधस्तंभावर मारले आणि तिसऱ्या दिवशी तो जिवंत झाला. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रिकाम्या सापडलेल्या एका कबरीचा आज सकाळी कामाला निघालेल्या माणसाशी काय संबंध, हे त्यात येत नाही. या सणाचा खरा विषय तोच आहे.

आपल्याकडे पुनरुत्थान म्हटले की पुनर्जन्म आठवतो. आत्मा अमर आहे, देह नाशवंत आहे, जुने वस्त्र टाकून नवे घ्यावे तसा आत्मा देह बदलतो, ही शिकवण आपल्या अंगवळणी पडलेली आहे. ख्रिस्ती श्रद्धा वेगळे सांगते. तिच्या मते येशू सदेह उठला. शिष्यांना दिसला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण होते आणि थोमासारख्या संशय घेणाऱ्या शिष्याला त्याने ते दाखवले. योहानाच्या शुभवर्तमानात तर तो तिबिर्या सरोवराच्या काठी कोळशाचा विस्तव पेटवून त्यावर मासळी भाजतो आणि रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाताने परतलेल्या कोळ्यांना न्याहारीला बोलावतो. मृत्यूवर विजय मिळवलेला देव पहिल्याच काही दिवसांत दमलेल्या माणसांना खाऊ घालतो, ही गोष्ट वाचकाने नीट लक्षात ठेवावी. देह ही टाकून देण्याची वस्तू नाही, भूक-तहान-जखम यांना देवाच्या लेखी मोल आहे, असा तिचा अर्थ होतो.

ही श्रद्धा काढून टाकली तर ख्रिस्ती धर्मात काय उरते? या प्रश्नावरचा एक गाजलेला वाद भारतात झाला आणि त्याची दोन्ही टोके ब्रिस्टलला जाऊन भिडतात. राजा राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूच्या नीतिवचनांचे एक संकलन कलकत्त्यात प्रसिद्ध केले. चमत्कार आणि तत्त्वमतांचा भाग त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवला. भांडणे तिथूनच होतात, माणसाला चांगले वागायला शिकवणारी वचने तेवढी पुरेत, असा त्यांचा विचार होता. त्यांना उत्तर द्यायला पुढे आले ते बंगालमधल्या सेरामपूरचे जोशुआ मार्शमन. भारतात येण्यापूर्वी ते ब्रिस्टलच्या ब्रॉडमीड भागात बॅप्टिस्ट मंडळीच्या शाळेत शिक्षक होते. ज्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला, त्याच्या कर्त्या मंडळींपैकी हे एक. येशूचा मृत्यू आणि पुनरुत्थान वगळले तर त्याची वचने पोरकी होतात, असे त्यांचे म्हणणे होते. वाद तीन वर्षे चालला. पुढे राममोहन इंग्लंडला गेले, एकेश्वरवादी स्नेह्यांच्या निमंत्रणावरून ब्रिस्टलला आले आणि २७ सप्टेंबर १८३३ रोजी तिथेच वारले. आर्नोस व्हेल दफनभूमीतली त्यांची छत्री आजही भारतातून गेलेले लोक आवर्जून पाहतात.

राममोहन यांची भूमिका महाराष्ट्राला परकी नाही. प्रार्थना समाजाच्या विचारवंतांनी येशूकडे जवळपास याच दृष्टीने पाहिले. त्यामागे प्रामाणिक तळमळ होती आणि तिचा आदर राखूनच पुढचे म्हटले पाहिजे. नीतिवचन आपल्याला कसे वागावे ते सांगते. तसे वागूनही माणूस चिरडला गेला, तर पुढे काय, याचे उत्तर ते देत नाही. येशूचे नेमके तेच झाले. रोमन सत्तेने आणि धर्मसत्तेने मिळून त्याला गुन्हेगार ठरवले, शहराबाहेर नेऊन मारले, कबरीवर धोंड लोटली. त्या धोंडीपाशी गोष्ट संपली असती, तर जगाचा अनुभव एवढाच उरला असता, की चांगला माणूस हरतो आणि त्याची वचने तेवढी मागे राहतात.

पुनरुत्थानाची श्रद्धा म्हणते, की वरच्या न्यायालयात तो निकाल फिरला. ज्याला सत्तेने दोषी ठरवले त्याला देवाने उठवले. जोतीराव फुल्यांना येशूमध्ये बळीराजा दिसला. पाताळात दडपलेल्या न्यायी राजाचे राज्य पुन्हा येवो, अशी आस आपल्या शेतकरी घरांतल्या बायकांनी दर बलिप्रतिपदेला ओवाळताना जपली आहे. ख्रिस्ती माणूस म्हणतो, ते राज्य एका रविवारी पहाटे सुरू झाले. आणि त्याची पहिली बातमी दिली बायकांनीच. त्या काळी त्यांच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. लूक प्रामाणिकपणे लिहितो, की प्रेषितांनाही त्यांचे बोलणे वायफळ वाटले.

मात्र ईस्टरच्या घंटा वाजवल्या म्हणजे हे राज्य मान्य केले, असे होत नाही. ब्रिस्टल हे अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर होते. १७९१ मध्ये तो व्यापार थांबवण्याचा विल्बरफोर्स यांचा प्रस्ताव पार्लमेंटात पडला, तेव्हा ब्रिस्टलच्या चर्चमधल्या घंटा आनंदाने वाजवण्यात आल्या. जखमी देह घेऊन उठलेल्या ख्रिस्ताची उपासना करणाऱ्या शहराने साखळदंडांनी जखमी झालेल्या देहांच्या विक्रीचा उत्सव केला. ख्रिस्ती समाजाने हा इतिहास विसरू नये. पुनरुत्थान तोंडाने मान्य करून खतावणीत नाकारता येते, याचा इतका ठळक पुरावा दुसरा मिळणार नाही.

त्याच शहरात याच्या उलट पुरावाही आहे. जॉर्ज म्युलर हा प्रशियातला तरुण १८३२ मध्ये ब्रिस्टलला आला. १८३६ मध्ये विल्सन स्ट्रीटवर भाड्याच्या घरात त्याने अनाथ मुलींना आसरा दिला. पुढे अ‍ॅशली डाउनच्या टेकाडावर १८४९ पासून एकेक करून पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या आणि १८७० पर्यंत तिथे एका वेळी दोन हजारांवर मुलांची सोय झाली. म्युलर यांच्या हयातीत दहा हजारांहून अधिक मुले त्यांच्या छत्राखाली वाढली. पैशासाठी त्यांनी कोणापुढे हात पसरला नाही; प्रार्थना केली, आणि आलेल्या पैचा हिशेब छापून लोकांपुढे ठेवला. मुलांना त्यांनी इतके चांगले शिकवले, की गरिबांना त्यांच्या पायरीवरून वर चढवले जात आहे, अशी तक्रार झाली. या तक्रारीपेक्षा मोठे प्रशस्तिपत्र ईस्टरच्या श्रद्धेला कोणते हवे? धोंडीखाली राहायचे म्हणून ठरलेली मुले उठून उभी राहत होती. १८९८ मध्ये वारलेले म्युलर आणि राममोहन आज एकाच आर्नोस व्हेलमध्ये विसावले आहेत.

म्युलर यांचे चरित्र पंडिता रमाबाईंच्या हाती पडले. अशा विश्वासावर चालणारे काम भारतात का होऊ नये, असा प्रश्न त्यांना ते वाचून पडला, आणि १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी तो नोंदवला आहे. केडगावचे मुक्ती मिशन हे त्या प्रश्नाचे उत्तर. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण गेली होती. भुकेने देहाचे काय होते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांना आधी अन्न दिले, अंगावरच्या खरजेवर औषध लावले, मग अक्षरे शिकवली, माग शिकवला, शेती शिकवली. अंध मुलींसाठी ब्रेलची सोय केली. मुक्तीच्या छापखान्यात याच मुली शिशाचे खिळे जुळवून मजकूर बसवू लागल्या. रमाबाईंनी खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या भाषांतराचे खिळे त्यांच्या हातांनी जुळले. मरायला टाकलेल्या मुलीच्या हातून रिकाम्या कबरीची कथा छापली जाते, यात पुनरुत्थानाचे सगळे भाष्य आले.

श्रद्धा म्हणजे दुःखावरची गुंगी, असा एक आक्षेप घेतला जातो. म्युलर आणि रमाबाई यांच्या आयुष्यात त्याला आधार सापडत नाही. १८९० मध्ये म्युलर हिंदुस्थानात प्रवचनांच्या दौऱ्यावर असताना जबलपूरला त्यांना बातमी कळली, की अनाथगृहांत वर्षानुवर्षे बिनपगारी राबणारी त्यांची मुलगी लिडिया ब्रिस्टलला वारली. रमाबाईंची एकुलती एक मनोरमा, मुक्तीचे काम जिच्या खांद्यावर जायचे ती, जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी देह ठेवला. पण त्या अवधीतही भाषांतराचे काम थांबले नाही. उठलेल्या ख्रिस्ताच्या हातावरचे वण पुसले गेले नव्हते, हे या दोघांना ठाऊक होते. ही श्रद्धा शोक नाकारत नाही. शोकाला शेवटचा शब्द बोलू देत नाही, इतकेच.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय हा पुनरुत्थानावरचा सर्वांत जुना विस्तृत लेख. येशूच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांत लिहिलेला. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फोल आणि तुमचा विश्वासही फोल, असे तो तिथे सरळ मान्य करतो. पण अध्याय संपतो तो स्वर्गाच्या वर्णनावर नाही. म्हणून खंबीरपणे काम करत राहा, प्रभूसाठी केलेले तुमचे श्रम वाया जात नाहीत, अशा आशयावर तो थांबतो. आणि लगेच सोळावा अध्याय सुरू होतो तो यरुशलेमच्या गरजू लोकांसाठीच्या वर्गणीने: प्रत्येकाने दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे. आठवड्याचा पहिला दिवस म्हणजे रविवार, पुनरुत्थानाचा दिवस. मृत्यूच्या पराभवाची घोषणा आणि गरिबांच्या वर्गणीचा हिशेब यांच्यामध्ये पौलाला कसलाही पडदा दिसला नाही.

रोजच्या जीवनातला पुनरुत्थानाचा अर्थ इथे हाती लागतो. बरा होण्याची आशा नसलेल्या म्हाताऱ्याची पाठ पुसणारी परिचारिका, पुन्हा दारूकडे वळलेल्या भावाला परत एकदा दवाखान्यात नेणारी बहीण, निकाल विरुद्ध जाणार हे दिसत असतानाही खरी साक्ष देणारा माणूस यांचे श्रम व्यवहाराच्या हिशेबात बुडीत खाती जमा होतात. ते बुडीत नाहीत, असे म्हणण्याचा आधार ख्रिस्ती माणसाला त्या रविवारात मिळतो. ज्यांची ही श्रद्धा नाही त्यांनी ती घ्यावी असा आमचा आग्रह नाही. जे ती सांगतात त्यांच्याकडून मात्र एक अपेक्षा ठेवण्याचा सर्वांना अधिकार आहे. समाजाने संपले म्हणून सोडलेल्या माणसापाशी त्यांनी सर्वांत आधी पोहोचावे आणि सर्वांत शेवटी तिथून हलावे. ख्रिस्त उठला, हे शेजाऱ्याला पटवून देण्याचा याहून सरळ मार्ग ना म्युलर यांना सापडला, ना रमाबाईंना.