फर्म्याला साच्यासारखं जपा

पेणमधल्या कुठल्याही गणपतीच्या कारखान्यात जाऊन बघा, मूर्तिकार साच्याला जपतो तसं दुसऱ्या कशालाच जपत नाही. हमरापूर, जोहे, कळवे या गावांत तर लहान पोरालाही ठाऊक असतं की मूळ नमुना वेगळा आणि रोजच्या कामाचा रबरी साचा वेगळा. साचा झिजला, सोंडेची कड बोथट उतरायला लागली, की मूळ नमुन्यावरून नवा साचा काढतात. ही समज आपल्या शेजारच्या अंगणात आहे. तरी पेणला काय नि रोह्याला काय, आम्ही सुतार मंडळी राउटर हातात घेतला की ज्याच्या कडेने तो फिरवायचा त्या फर्म्याला प्लायचा उरलेला तुकडा समजतो. काम झालं की तो कोपऱ्यात, फरशीवर, बुटांखाली.

माझ्या सुतारबंधूंना आणि घराला दारं करून घेणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: फर्म्याला साचा समजा.

ही विनंती मी शिकून करतो आहे. रोह्याच्या एका इमारतीत दारांना बिजागऱ्या बसवायचं काम होतं. एका दाराला ३ बिजागऱ्या. म्हणजे दारावर ३ खाचा आणि चौकटीवर ३. माझ्या हातून फर्म्याच्या आतल्या कडेला बिट लागलं आणि जेमतेम दीड मिलिमीटरचा खड्डा पडला. मला तो दिसला नाही. अकराव्या दाराला बिजागरी खाचेत हलायला लागली, तेव्हा मागे वळून बघितलं. फर्म्याचा तोच खड्डा अकरा दारांवर जसाच्या तसा उतरला होता. पटाशीने झालेली चूक एका दारावर राहते, फर्म्यातली चूक मोजता येत नाही.

तो खड्डा पडला कसा, हे नीट सांगतो, कारण बहुतेकांचा फर्मा याच पद्धतीने खराब होतो. बेअरिंग वर असलेलं बिट होतं, पातं २० मिलिमीटरचं. फर्मा १२ मिलिमीटर प्लायचा, खाच ३ मिलिमीटर खोल. १२ आणि ३ मिळून १५. पातं २०. मग बेअरिंग फर्म्याच्या वर हवेतच फिरणार आणि फर्म्याला टेकणार ते पातंच. उथळ खाचेसाठी आखूड पात्याचं बिट घ्या आणि फर्मा जाड करा. १८ मिलिमीटरचा फर्मा आणि १२ मिलिमीटरचं पातं असेल, तर ३ मिलिमीटरच्या खाचेला पात्याच्या वर फर्म्याची ९ मिलिमीटर कड उरते. बेअरिंग तिच्यावर पूर्ण टेकतं. मशीन चालू करण्याआधी, प्लग काढलेला असताना, खाली वाकून डोळ्यांनी बघा की बेअरिंग खरंच कडेवर आहे का.

दुसरं कारण घाईचं. खाच झाली की चालू मशीनच वर उचलायचं. उचलताना हात किंचित तिरका होतो आणि बिट कडेला चावतं. स्विच बंद करा, बिट पूर्ण थांबू द्या, मग उचला. काही सेकंदांचाच प्रश्न आहे. गाईड बुश लावून काम करणाऱ्यांना वाटतं की बुश आहे, काळजी नाही. बुशाच्या खाली बिट उघडंच असतं, उचलताना तेही चावतं.

बिट पकडीतून सरकतं तेव्हाही हेच होतं. शँक कोलेटमध्ये तळापर्यंत ठोसून आवळू नका. खाली टेकवून दोन-तीन मिलिमीटर वर घ्या आणि मग आवळा. बेअरिंगचा बारीक स्क्रू रोज तपासा. तो निसटला तर फर्मा जातोच, वर बेअरिंग कुठे उडेल सांगता येत नाही. चष्मा लावाच. राळ आणि भुसा साचून बेअरिंग अडकलं, तर ते फिरत नाही, कडेवर घासतं आणि काळी जळकी रेघ उठते. बिट थिनरने किंवा रॉकेलने पुसायचं असेल, तर आधी बेअरिंग काढून ठेवा, नाहीतर आतलं ग्रीस धुऊन जातं. आणि दिशा: बाहेरच्या कडेने जाताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट, आतल्या खिडकीत काट्यांप्रमाणे. उलट गेलात तर मशीन हाताला ओढतं.

आता खड्डा पडलाच तर? तो घासून सपाट करू नका. कड आत सरकते आणि माप बदलतं. लहान खड्ड्याला गाड्यांच्या डेंटिंगवाल्यांकडे मिळते ती हार्डनर घालायची पुट्टी वापरा. भिंतीची पुट्टी बेअरिंगखाली चुरते. एका सरळ पट्टीला सेलोटेप गुंडाळा, ती कडेला क्लॅम्पने घट्ट लावा आणि पुट्टी खड्ड्यात दाबून भरा. टेपला पुट्टी चिकटत नाही, म्हणून पट्टी काढल्यावर कड सरळ मिळते. वरचा उंचवटा ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून काढा.

मोठा खड्डा असेल, तर पुट्टीवर भरवसा ठेवू नका. खराब भाग चौकोनी कापून काढा, सागाचा तुकडा फेव्हिकॉलने बसवा, किंचित बाहेर ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. मग मूळ फर्मा खाली ठेवून टोकाला बेअरिंग असलेल्या बिटने तो तुकडा कापा. कड जशी होती तशी परत येते. मूळ फर्मा वेगळा जपून ठेवायचा, हे मी मूर्तिकारांकडून घेतलं ते इथे कामी येतं. मूळ फर्म्यावरून फक्त दुसरा फर्मा काढायचा, दार कधीच नाही.

आपल्या हवेचं वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर पेण-रोह्याला घरातली भिंतसुद्धा ओलसर असते. उघडा एमडीएफ सिमेंटच्या फरशीवर ठेवला, तर खालची कड फुगते आणि फुगलेली कड परत बसत नाही. एमडीएफ घेतलाच, तर सगळ्या कडांना सीलरचे दोन हात द्या. कायम वापरायचा फर्मा आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायचा करा. महाग आहे, मला माहीत आहे, पण एक दार बदलून द्यावं लागलं तर त्याहून महाग पडतं. फर्मे भिंतीला खिळ्यावर टांगा, जमिनीपासून दूर.

घरमालकांनो, मिस्त्रीने फर्मा करायला अर्धा दिवस मागितला, तर तो द्या, आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरीही द्या. काम सुरू होण्याआधी फर्मा बघायला मागितला, तर चांगला मिस्त्री रागावणार नाही.

यंदा खंडेनवमीला हत्यारं पुसाल, कुंकू लावाल, तेव्हा मूळ फर्मेही भिंतीवरून उतरवा. प्रत्येकाच्या कडेवरून बोट फिरवा. जिथे बोट अडेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी पुट्टी घेऊन बसा.